सामायिक संशोधन ग्रंथालय : अटलांटा, सिद्धार्थ-मिलिंद आणि मीरा-भाईंदर

सारांश

अमेरिकेतील अटलांटा शहरात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालेल्या अनेक महाविद्यालयांचे मिळून एकच संशोधन ग्रंथालय आहे. महाराष्ट्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या महाविद्यालयांतून ग्रंथालयाला जे स्थान दिले, त्याचे या प्रयोगाशी जवळचे नाते आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही परंपरांचा परिचय करून दिला असून, मीरा-भाईंदरसारख्या उपनगरी शहरातील लहान महाविद्यालयांना त्यांतून काय घेता येईल याचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : सामायिक ग्रंथालय, संशोधन, वंचितांचे उच्च शिक्षण, अभिलेख, सिद्धार्थ महाविद्यालय, मिलिंद महाविद्यालय.

१. प्रस्तावना

ग्रंथालय हे महाविद्यालयाचे हृदय होय, असे आपण समारंभांतून नेहमी म्हणतो. अंदाजपत्रक करताना मात्र इमारत, प्रयोगशाळा, संगणक कक्ष यांच्यानंतर उरेल ती रक्कम ग्रंथालयाच्या वाट्यास येते. ती रक्कम मुख्यतः क्रमिक पुस्तकांवर खर्च होते, कारण परीक्षेच्या दृष्टीने विद्यार्थ्यांना त्यांचीच निकड असते. परिणामी महाविद्यालयाचे ग्रंथालय हे पाठ्यपुस्तके देण्या-घेण्याचे ठिकाण बनते आणि संशोधनासाठी लागणारी साधने त्याच्या कक्षेबाहेर राहतात.

ही अडचण आजवर प्रामुख्याने प्राध्यापकांची होती. आता ती विद्यार्थ्यांचीही होऊ घातली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात संशोधनासह सन्मान पदवीचा पर्याय आला आहे. म्हणजेच पदवीच्या विद्यार्थ्याने संशोधन प्रकल्प करावा, अशी अपेक्षा आहे. ज्या महाविद्यालयात विषयाची मूलभूत संदर्भसाधने नाहीत, तेथे असा प्रकल्प कशाच्या आधारे उभा राहणार? चार संकेतस्थळांवरील मजकूर एकत्र करून तो जोडला, तर त्यास प्रकल्प म्हणता येईल, संशोधन म्हणता येणार नाही.

प्रत्येक महाविद्यालयाने स्वतंत्रपणे संशोधन ग्रंथालय उभारावे, हे आर्थिकदृष्ट्या अशक्य आहे. तेव्हा अनेक संस्थांनी एकत्र येऊन एक ग्रंथालय उभारणे हा मार्ग विचारात घ्यावा लागतो. हा मार्ग ज्यांनी यशस्वी करून दाखविला, त्या संस्था श्रीमंतांच्या नव्हत्या, ही गोष्ट आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे.

२. अटलांटा येथील प्रयोगाची पार्श्वभूमी

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले आणि गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. नव्याने मुक्त झालेल्या लोकांना शिक्षण देण्यासाठी दक्षिणेकडील राज्यांत मिशनरी संस्था व कृष्णवर्णीय चर्च यांच्या पुढाकाराने शाळा-महाविद्यालये निघाली. गोऱ्यांच्या विद्यापीठांचे दरवाजे त्यांना बंद होते. अशा रीतीने १९६४ पूर्वी स्थापन झालेल्या संस्थांना तेथील कायदा 'ऐतिहासिक कृष्णवर्णीय महाविद्यालये व विद्यापीठे' म्हणून ओळखतो. आज अशा सुमारे शंभर संस्था आहेत.

जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात यांपैकी अनेक संस्था एकमेकींच्या शेजारी वाढल्या. अटलांटा विद्यापीठ १८६५ मध्ये, क्लार्क महाविद्यालय १८६९ मध्ये आणि स्त्रियांसाठीचे स्पेलमन महाविद्यालय १८८१ मध्ये सुरू झाले. पुरुषांसाठीचे मोरहाऊस महाविद्यालय १८६७ मध्ये ऑगस्टा येथे निघाले व पुढे अटलांटास आले. १९२९ मध्ये अटलांटा विद्यापीठ, मोरहाऊस व स्पेलमन यांनी सहकार्याचा करार केला. विद्यापीठाने पदव्युत्तर शिक्षणाकडे लक्ष द्यावे व इतर दोघांनी पदवी शिक्षण सांभाळावे, अशी ती वाटणी होती. संस्था वेगळ्या राहिल्या, काही साधने मात्र समान झाली. त्यांत पहिले मोठे साधन होते ग्रंथालय. रॉकफेलर कुटुंबाने स्थापिलेल्या जनरल एज्युकेशन बोर्डाच्या साह्याने १९३२ मध्ये 'ट्रेव्हर आर्नेट ग्रंथालय' उघडले आणि त्याचा लाभ शेजारील महाविद्यालयांसही मिळू लागला.

या ग्रंथालयाचे मोल समजण्यासाठी तत्कालीन शहराची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. अटलांटाचे सार्वजनिक कार्नेगी ग्रंथालय १९०२ मध्ये उघडले, ते केवळ गोऱ्यांसाठी. त्या वेळी अटलांटा विद्यापीठात अध्यापन करणारे थोर समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी शिष्टमंडळ नेऊन याविरुद्ध दाद मागितली, ती व्यर्थ गेली. कृष्णवर्णीयांसाठी वेगळी शाखा १९२१ मध्ये निघाली. मुख्य ग्रंथालयाचे दार मात्र १९५९ पर्यंत बंदच राहिले. त्या वर्षी स्पेलमन महाविद्यालयात फ्रेंच शिकविणाऱ्या आयरीन डॉब्स जॅक्सन यांना सभासदपत्र मिळाले आणि ते दार उघडले. ज्या शहरात कर भरूनही प्राध्यापकाला सार्वजनिक ग्रंथालयात पाऊल टाकता येत नव्हते, त्या शहरात स्वतःचे संशोधन ग्रंथालय असणे ही चैन नव्हती. ज्ञानव्यवहारात टिकून राहण्याची ती अट होती.

३. वुडरफ ग्रंथालय : रचना व कार्य

पुढे ही सामायिक व्यवस्था अधिक व्यापक झाली. १९८२ मध्ये 'रॉबर्ट डब्ल्यू. वुडरफ ग्रंथालय' उभे राहिले. कोका-कोला उद्योगाचे दीर्घकाळ नेतृत्व करणाऱ्या दानशूर वुडरफ यांचे नाव त्यास देण्यात आले. त्या वेळी सहा संस्था या केंद्राच्या सदस्य होत्या. १९८८ मध्ये अटलांटा विद्यापीठ व क्लार्क महाविद्यालय यांचे विलीनीकरण होऊन क्लार्क अटलांटा विद्यापीठ बनले. मॉरिस ब्राउन महाविद्यालयाची अधिस्वीकृती २००२ च्या सुमारास गेली, ती त्यास २०२२ मध्ये पुन्हा मिळाली. आज हे ग्रंथालय क्लार्क अटलांटा, मोरहाऊस, स्पेलमन आणि इंटरडिनॉमिनेशनल थिऑलॉजिकल सेंटर ही धर्मशास्त्रसंस्था, अशा चार संस्थांना सेवा देते.

या रचनेची तीन वैशिष्ट्ये विशेष लक्षणीय आहेत.

(अ) ग्रंथालय कोणत्याही एका महाविद्यालयाचा विभाग नाही. त्याचे व्यवस्थापन स्वतंत्र असून सदस्य संस्था त्याच्या खर्चाचा भार वाहतात. त्यामुळे ते 'त्यांचे' की 'आमचे' हा वाद उद्भवत नाही. एका सदस्य संस्थेवर संकट आले, तरी ग्रंथालय कोसळत नाही.

(आ) तेथील अभिलेख विभाग हा कृष्णवर्णीय समाजाच्या स्मृतींचे कोठार आहे. अटलांटा विद्यापीठाने १९४६ मध्ये हेन्री स्लॉटर यांचा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाविषयीचा मोठा संग्रह घेतला. कवी काउंटी कलन यांच्या स्मरणार्थ केलेला संग्रहही त्यात आहे. मार्टिन ल्यूथर किंग (कनिष्ठ) यांची हस्तलिखिते, पत्रे, भाषणांचे खर्डे इत्यादी सुमारे १०,००० वस्तू २००६ मध्ये लिलावात निघणार होत्या. अटलांटातील नागरिक व संस्थांनी महापौर शर्ली फ्रँकलिन यांच्या पुढाकाराने सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर उभे करून त्या मोरहाऊस महाविद्यालयासाठी घेतल्या. मालकी मोरहाऊसची, जतन मात्र सामायिक ग्रंथालयात, अशी ही व्यवस्था आहे.

(इ) ग्रंथांबरोबर ग्रंथपालही घडविले गेले. अटलांटा विद्यापीठात १९४१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे विद्यालय सुरू झाले, ते २००५ पर्यंत चालले. अमेरिकेतील कृष्णवर्णीय ग्रंथपालांच्या अनेक पिढ्या तेथून बाहेर पडल्या. २००२ मध्ये तर अशा संस्थांच्या ग्रंथालयांनी देशव्यापी संघच स्थापन केला.

४. महाराष्ट्रातील समांतर परंपरा : सिद्धार्थ व मिलिंद

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील ग्रंथालयाने त्यांच्यापुढे एक नवे जग खुले केले. १९१७ मध्ये लंडनहून परतताना त्यांनी बोटीने पाठविलेले सामान, त्यातील ग्रंथांसह, पहिल्या महायुद्धात पाणतीराच्या माऱ्याने बुडाले. तरीही ग्रंथसंग्रहाचा त्यांचा ध्यास कमी झाला नाही. १९३० च्या दशकाच्या आरंभी दादर येथे बांधलेल्या 'राजगृहा'ची आखणीच मुळी ग्रंथांसाठी होती.

८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. १९५३ मध्ये वाणिज्य व अर्थशास्त्राचे आणि १९५६ मध्ये विधी महाविद्यालय निघाले. बाबासाहेबांच्या संग्रहातील पुष्कळ ग्रंथ सिद्धार्थच्या ग्रंथालयात आले. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ सिद्धार्थ महाविद्यालयाच्याच प्रकाशनाने प्रसिद्ध केला, हेही येथे नमूद करणे उचित ठरेल.

या संग्रहाचे महत्त्व केवळ भावनिक नाही. बाबासाहेबांनी वाचताना ओळींखाली ओढलेल्या रेघा व समासातील खुणा हे आता संशोधनाचे प्रथम दर्जाचे साधन मानले जाते. त्यांचे कोलंबियातील गुरू जॉन ड्यूई यांच्या ग्रंथांच्या त्यांच्याजवळील प्रती अभ्यासून ड्यूईंच्या विचारांतील त्यांनी काय घेतले व काय बदलले, याचा शोध अलीकडे अभ्यासकांनी घेतला आहे. दुकानात मिळणाऱ्या नव्या प्रतीतून हे ज्ञान कधीही मिळाले नसते.

सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे महाविद्यालय काढले, ते पुढे 'मिलिंद महाविद्यालय' म्हणून प्रसिद्ध झाले. तो भाग त्या वेळी हैदराबाद राज्यात होता व मराठवाड्यात उच्च शिक्षणाच्या सोयी अत्यल्प होत्या. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये, म्हणजे आठ वर्षांनी आले. खेड्यापाड्यांतून आलेल्या दलित विद्यार्थ्यांसाठी नागसेनवनाचा परिसर हेच वसतिगृह, तेच वाचनालय आणि तेच विचारपीठ होते. मिलिंदशी निगडित म. ना. वानखेडे अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन १९६० च्या दशकात परतले व त्यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे मराठी लेखकांचे लक्ष वेधले. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मिता' व नंतरच्या 'अस्मितादर्श' या नियतकालिकांभोवती दलित साहित्याची चळवळ आकारास आली. वाचनाची साधने एका ठिकाणी उपलब्ध झाली, की लेखनाची परंपरा कशी जन्मास येते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

या दोन परंपरांमध्ये प्रत्यक्ष दुवाही आहे. १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे वाचून बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले व त्या अर्जाच्या प्रती मागितल्या. ड्यू बॉइस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी उत्तर पाठविले. पत्राचा विषय पाहावा : एका वंचित समाजाचा विद्वान दुसऱ्या वंचित समाजाच्या विद्वानाकडे एक दस्तऐवज मागतो आहे. ड्यू बॉइस यांची कागदपत्रे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲम्हर्स्ट येथील ग्रंथालयाने जपून ठेवली, म्हणूनच हा पत्रव्यवहार आज आपल्याला वाचता येतो. जपले नसते, तर या नात्याचा पुरावाच उरला नसता.

५. मीरा-भाईंदरची स्थिती

मीरा-भाईंदर नगरपरिषद १९८५ मध्ये व महानगरपालिका २००२ मध्ये अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ८,०९,३७८ होती. येथील महाविद्यालये प्रामुख्याने खाजगी संस्थांनी, वाढत्या वस्तीची गरज ओळखून काढली. त्यांतील पुष्कळ विद्यार्थी घराण्यात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढणारे आहेत. कोणी कोकणातून, कोणी उत्तर भारतातून, कोणी गुजरात-राजस्थानातून आलेल्या कुटुंबांतील आहेत. घरी पुस्तकांचे कपाट नाही आणि अभ्यासाला स्वतंत्र खोलीही नाही, ही त्यांची सर्वसाधारण स्थिती आहे.

संशोधनासाठी येथील अभ्यासकाला शहराबाहेर जावे लागते. कलिना संकुलातील जवाहरलाल नेहरू ग्रंथालय, दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (स्थापना १८९८), ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (स्थापना १८९३), फोर्टमधील एशियाटिक सोसायटी (स्थापना १८०४) ही त्याची तीर्थक्षेत्रे होत. चर्चगेट भाईंदरपासून चाळीस किलोमीटरहून अधिक दूर आहे. प्रस्तुत लेखिकेने एम.फिल.साठी केलेले बहुतेक वाचन लोकलच्या प्रवासाशी जोडलेले होते. तासिका संपवून ग्रंथालयात पोचेपर्यंत ते बंद होण्याची वेळ जवळ आलेली असे. हा अनुभव येथील बहुतेक सहकाऱ्यांना परिचित असेल. सायंकाळी अर्धवेळ नोकरी करणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्याला तर एवढाही प्रवास शक्य नाही.

डिजिटल साधनांमुळे हा प्रश्न सुटला, असे म्हटले जाते. त्यात अंशतः तथ्य आहे. इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्ट योजनेमुळे २०१० पासून महाविद्यालयांना हजारो ई-नियतकालिके व ई-ग्रंथ उपलब्ध झाले. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र एक वर्गणी' योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद, ३० प्रकाशक व सुमारे १३,००० नियतकालिके असा तिचा आवाका आहे. तथापि तिचा पहिला टप्पा केंद्र व राज्य शासनाच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आखला गेला. खाजगी विनाअनुदानित महाविद्यालये त्यात बसत नाहीत. शिवाय या साधनांत इंग्रजीचे प्राबल्य आहे. मराठी संशोधन नियतकालिकांचे जुने अंक, जिल्ह्याचे दस्तऐवज, स्थानिक संस्थांचे अहवाल त्यांत सापडत नाहीत.

६. सामायिक ग्रंथालयाची शक्यता

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. समजा, शहरातील सहा महाविद्यालये प्रत्येकी ६०,००० रुपये दरवर्षी ग्रंथांवर खर्च करतात. एकूण रक्कम ३,६०,००० रुपये होते. ही महाविद्यालये एकाच विद्यापीठाशी संलग्न असल्याने अभ्यासक्रम समान असतो व खरेदीही बरीचशी तीच होते. म्हणजे सहा ठिकाणी मिळून ग्रंथसंख्या वाढते, पण शीर्षकांची विविधता वाढत नाही. आता प्रत्येकाने ४०,००० रुपये क्रमिक पुस्तकांसाठी ठेवून २०,००० रुपये समान निधीत दिले, तर वर्षाला १,२०,००० रुपयांचे केवळ संदर्भग्रंथ घेता येतील. प्रत्येक ग्रंथाची एकच प्रत, परंतु सहाही महाविद्यालयांना खुली. दहा वर्षांत असा संग्रह कोणत्याही एका महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरचा होईल.

यासाठी प्रारंभीच इमारत हवी असे नाही. पहिली पायरी म्हणजे सर्व ग्रंथालयांची एकत्रित तालिका. कोणता ग्रंथ कोणाकडे आहे एवढे कळले, तरी निम्मे काम होते. दुसरी पायरी परस्पर देवघेव व एकच वाचकपत्र. तिसरी पायरी विषयवार वाटणी : एका महाविद्यालयाने वाणिज्य, दुसऱ्याने समाजशास्त्र, तिसऱ्याने मराठी साहित्य असे संदर्भसंग्रह वाढवावेत. या तीन पायऱ्यांवर विश्वास निर्माण झाल्यानंतरच स्वतंत्र वास्तूचा व स्वतंत्र व्यवस्थापनाचा विचार करावा. अटलांटातही १९२९ चा करार आधी झाला, सामायिक ग्रंथालय नंतर आले आणि आजची वास्तू उभी राहण्यास त्यानंतर पन्नास वर्षे लागली.

अटलांटाचा दुसरा धडा अभिलेखांचा आहे. मीरा-भाईंदर हे बाहेरून आलेल्यांचे शहर आहे, अशी समजूत आहे. वास्तविक उत्तन, चौक या गावांतील कोळी व ईस्ट इंडियन समाज, आगरी समाज, भाईंदरची मिठागरे व त्यांवरील मजूर यांचा इतिहास जुना आहे. चौकजवळील धारावी किल्ल्याचा संबंध चिमाजी अप्पांच्या १७३७-३९ च्या वसई मोहिमेशी आहे. ग्रामपंचायतींची दप्तरे, मच्छीमार सहकारी संस्थांचे अहवाल, मिठागरांच्या नोंदी, लग्नगीते, कुटुंबांतील छायाचित्रे हे सारे आज घरोघरी वा कपाटांत विखुरलेले आहे. समुद्रकाठच्या दमट हवेत कागद फार काळ टिकत नाही. ही साधने गोळा करून जपली, तर येथील विद्यार्थ्याच्या संशोधन प्रकल्पाला इतरत्र न मिळणारी सामग्री लाभेल. स्वतःच्या आजीच्या मिठागरातील श्रमांचा पुरावा ज्याला ग्रंथालयात सापडेल, त्याला इतिहास हा विषय परका वाटणार नाही.

७. अडचणी व मर्यादा

या कल्पनेतील अडचणी नजरेआड करणे योग्य होणार नाही. पहिली अडचण स्पर्धेची आहे. शेजारची महाविद्यालये एकाच विद्यार्थिवर्गासाठी प्रयत्नशील असतात, त्यामुळे आपला संग्रह दुसऱ्यास खुला करण्यास व्यवस्थापन कचरते. दुसरी, मूल्यांकनाची. मूल्यांकनाच्या वेळी प्रत्येक महाविद्यालयास स्वतःचे ग्रंथालय दाखवावे लागते. म्हणून सामायिक ग्रंथालय हे पूरक असावे, पर्यायी नसावे. तिसरी, मनुष्यबळाची. प्रशिक्षित, पूर्णवेळ ग्रंथपालाविना सामायिक ग्रंथालय म्हणजे सामायिक गोदाम होईल. अटलांटाने ग्रंथपाल घडविण्याची व्यवस्था साठ वर्षांहून अधिक काळ चालविली, हे येथे आठवावे.

दोन्ही समाजांच्या परिस्थितीतील भेदही विसरता कामा नये. अटलांटाच्या संस्थांना रॉकफेलर व वुडरफ यांच्यासारख्या धनिकांचे साह्य मिळाले आणि त्यांचे आवार एकमेकांना लागून होते. आपल्याकडे तेवढे दान नाही आणि महाविद्यालये मीरा रोड व भाईंदर येथे विखुरलेली आहेत. मात्र महाराष्ट्रात सहकाराची परंपरा आहे आणि २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानंतर समूह विद्यापीठांचा अनुभवही आहे. डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ २०१९ मध्ये मुंबईतील जुन्या शासकीय महाविद्यालयांना एकत्र आणून साकारले. महाविद्यालये जर एका विद्यापीठात एकत्र येऊ शकतात, तर एका तालिकेत येणे त्यांना अवघड नाही.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते, की सामायिक ग्रंथालय ही साधनसंपन्नांची कल्पना नसून साधनांचा अभाव असलेल्यांनी शोधलेला मार्ग आहे. अटलांटातील महाविद्यालयांनी आपापली ओळख कायम राखून ग्रंथ एकत्र केले. बाबासाहेबांनी आयुष्यभर जमविलेले ग्रंथ पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांच्या हाती जावेत, अशी व्यवस्था झाली. दोन्हीकडे ग्रंथालयामागची भूमिका एकच होती : ज्यांना इतरत्र प्रवेश नाही, त्यांना दुय्यम साधनांवर समाधान मानण्यास सांगू नये.

मीरा-भाईंदरमधील महाविद्यालयांनी प्रथम आपल्या ग्रंथपालांची एक संयुक्त बैठक बोलवावी व एकत्रित तालिकेचे काम हाती घ्यावे, अशी सूचना या लेखाच्या निमित्ताने करावीशी वाटते. त्यास मोठा निधी लागणार नाही. संशोधनासह सन्मान पदवीसाठी प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती आपण कोणती साधने देणार, हा प्रश्न मात्र आता पुढे ढकलता येणार नाही.